प्रसंगाने घडलेले पुण्य

तीर्थयात्रेच्या फळाचा विचार करताना आपल्या स्मृतिकारांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या निबंधकारांनी जो भेद केला आहे, त्याची सूक्ष्मता पाहून आजच्या एखाद्या चोख हिशेबनिसालाही आदर वाटावा. जो मनुष्य केवळ तीर्थाच्या ओढीने घर सोडतो त्याला यात्रेचे संपूर्ण फळ मिळते. जो अन्य कामासाठी निघालेला असतो आणि ज्याला वाटेत प्रसंगाने तीर्थ घडते, त्याच्या पदरी अर्धे फळ पडते. आणि जो स्वतःसाठी नव्हे तर दुसऱ्याच्या अर्थाने तीर्थाला जातो, त्याला सोळावा हिस्सा लाभतो. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात तीर्थांचा विस्तृत परामर्श घेताना या विभागणीची नोंद केली आहे. पुण्यासारख्या अदृश्य वस्तूचे असे वाटे कोणी घातले म्हणजे आधुनिक मनाला ते विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या प्रश्नाला ही विभागणी उत्तर देते तो प्रश्न मुळीच जुना झालेला नाही, आणि तो आज आपल्या पुढे ज्या रूपांत उभा आहे त्यांपैकी दोन रूपांचा विचार करण्याचे मी येथे योजिले आहे.

पहिले रूप धर्मादाय धावण्याचे. १९८१ साली लंडनमध्ये ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली यांच्या पुढाकाराने मॅरेथॉन सुरू झाली, आणि पुढे तिच्याशी लोकोपयोगी संस्थांसाठी निधी गोळा करण्याची प्रथा इतकी एकजीव झाली की, धावणारा आणि वर्गणी मागणारा हे दोन निराळे मानणे तेथे कठीण व्हावे. मुंबईत २००४ साली अशाच शर्यतीचा आरंभ झाला. तेव्हापासून जानेवारीतील एका रविवारी, पहाटेच्या अंधारात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर हजारो माणसे जमतात, काही बेचाळीस किलोमीटर आणि वर दोनशे मीटरपर्यंतचे अंतर धावतात, काही केवळ ‘ड्रीम रन’ म्हणून चार-सहा किलोमीटर चालतात, आणि त्यांतील पुष्कळांनी त्यापूर्वीचे काही महिने आप्तेष्टांना, सहकाऱ्यांना आणि जुन्या वर्गमित्रांना कोणत्यातरी शाळेसाठी, रुग्णालयासाठी वा अनाथालयासाठी पैसे देण्याची विनंती करण्यात घालविलेले असतात. दुसरे रूप कामाच्या निमित्ताने घडणाऱ्या देशदर्शनाचे. ज्याला जुन्या दफ्तरात ‘फिरती’ म्हणत, त्या फिरतीवर गेलेला अभियंता, प्राध्यापक वा अधिकारी परिषद आटोपल्यावर संध्याकाळी वेरूळला जाऊन येतो, किंवा कंपनीच्या कामासाठी रोमला गेला असता एक दिवस जोडून तेथील भग्नावशेष पाहतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: परार्थासाठी योजलेल्या कर्मात स्वतःचा आनंद मिसळला तर ते कर्म बाटते काय?

धावण्याच्या बाबतीत या प्रश्नाच्या आधी आणखी एक कोडे उभे राहते. मी बेचाळीस किलोमीटर धावलो म्हणून कर्करोगाच्या रुग्णाला काय मिळाले? माझ्या पायांच्या श्रमाने त्याच्या औषधाचा एक थेंबही निर्माण होत नाही. विहीर खणणाऱ्याचे श्रम पाण्याच्या रूपाने दुसऱ्याला मिळतात, धावणाऱ्याचे श्रम मात्र रस्त्यावरच संपतात. मग देणाऱ्याने त्या श्रमांकडे पाहून पैसे का द्यावेत? या कोड्याचे मला सुचणारे उत्तर टेरी फॉक्सच्या चरित्रात आहे. कॅनडातील या तरुणाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे वयाच्या अठराव्या वर्षी कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी, कृत्रिम पाय लावून, तो न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स येथून देश ओलांडण्यासाठी धावत निघाला. कर्करोगाच्या संशोधनासाठी कॅनडाच्या प्रत्येक नागरिकाकडून एक डॉलर मिळावा, ही त्याची मागणी. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर तोडले. १ सप्टेंबरला थंडर बे या गावाजवळ रोग फुप्फुसात पसरल्याचे लक्षात येऊन त्याला थांबावे लागले. आणि पुढील वर्षी जूनमध्ये, तेविसावे वर्ष पुरे होण्याच्या आत, त्याचे निधन झाले. त्यापूर्वी फेब्रुवारीतच निधीने दोन कोटी चाळीस लाख डॉलरांचा, म्हणजे माणशी एका डॉलरचा, टप्पा गाठला होता. या मुलाच्या धावण्याने औषध निर्माण झाले नाही हे खरे. पण जे मागायचे ते आपल्या देहाची साक्ष काढून मागायचे, हा मागण्याचा एक प्राचीन प्रकार आहे. आपल्याकडे त्याला तप म्हणत. तपाने याचकाच्या शब्दाला वजन येते, आणि देणाऱ्याला खात्री पटते की हा मनुष्य ज्यासाठी हात पसरतो आहे, त्यासाठी तो स्वतःही काही सोसावयास तयार आहे. टेरीने आपल्या नावावर आणि धावण्यावर कोणाला व्यापार करू दिला नाही, हेही त्याच तपाचे अंग होते. प्रत्येक नागरिकाकडून एकेक लहान नाणे मागण्याची ही कल्पना मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशीच्या काळात पैसा फंडासाठी गावोगाव हिंडून हेच केले होते, आणि तळेगावचा काचकारखाना त्या पैशापैशातून उभा राहिला.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. दान गुप्त असावे, उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, ही शिकवण बायबलात आहे. कुराणातही प्रकट दानाला चांगले म्हणून गुप्त दानाला अधिक चांगले म्हटले आहे. आपल्याकडे तर गुप्तदान हा शब्दच घराघरात रूढ आहे. मग छातीवर क्रमांक लावून, छायाचित्रे काढवून, शेकडो लोकांना कळवून केलेल्या कार्याला दान कसे म्हणावे? माझ्या मते या आक्षेपात दाता आणि याचक यांची गल्लत झालेली आहे. देणे गुप्त राहू शकते. मागणे गुप्त राहूच शकत नाही. शर्यतीत धावणारा हा मुख्यतः दाता नसून दुसऱ्यासाठी झोळी घेऊन निघालेला याचक आहे, आणि ज्याच्यासाठी तो मागतो त्याचे नाव मोठ्याने उच्चारणे हा त्याच्या कर्तव्याचाच भाग आहे. स्वतःसाठी मागताना जो संकोच वाटतो, तो दुसऱ्यासाठी मागताना गिळावा लागतो, आणि त्या संकोचाच्या त्यागात धावण्याच्या श्रमांइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, तप असते. नकार ऐकून घेणे, उत्तर न आलेल्या विनंतीची नम्रपणे आठवण करून देणे, धनवान मित्राने टाळल्यावर आणि गरीब सहकाऱ्याने दिल्यावर दोघांशी पूर्ववत वागणे, हे ज्याने केले आहे त्याला मी काय म्हणतो ते सांगावयास नको.

आता आनंदाचा प्रश्न. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि प्रत्युपकाराच्या इच्छेने किंवा फळावर दृष्टी ठेवून दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानेही १७८५ साली लिहिलेल्या नीतिमीमांसेत असे प्रतिपादिले की, ज्याला परोपकारात स्वभावतःच सुख वाटते त्याचे कर्म कितीही प्रशंसनीय असले तरी त्याला खरे नैतिक मूल्य येते ते कर्तव्यबुद्धीने केल्यावरच. या दोन थोर मतांपुढे नम्र होऊनही मला वाटते की, सामान्य माणसाच्या संमिश्र हेतूंचा न्याय करण्यास आपस्तंबाच्या धर्मसूत्रातील दृष्टान्त अधिक उपयोगी पडतो. आपस्तंब प्रथम बजावतो की, लौकिक लाभ पुढे ठेवून धर्म आचरू नये, तसे केल्यास तो निष्फळ होतो. आणि लगेच सांगतो की, आंब्याचे झाड फळासाठी लावले असता सावली आणि सुगंध ही आपोआपच मागून येतात, तसे धर्म आचरणाऱ्याला अर्थही मागून येतात. सावलीत बसू नये असे तो म्हणत नाही. सावलीसाठी आंबा लावून फळासाठी लावला असे सांगू नये, एवढेच त्यातून निघते. धावणाऱ्याचे आरोग्य सुधारले, रक्तदाब उतरला, सकाळच्या समुद्रवाऱ्यात हाजीअलीपासून वरळीपर्यंतचा रस्ता वाहनांच्या गजबजाटावाचून पाहावयास मिळाला, तर ती सावली होय. तिचा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

प्रसंगाने घडलेल्या तीर्थाचे सर्वांत हृदयस्पर्शी उदाहरण मला मराठी वाङ्मयात दिसते ते विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे. पेण तालुक्यातील वरसई गावचा हा भिक्षुक ब्राह्मण कर्जाने गांजलेल्या कुटुंबासाठी चार पैसे मिळवावे म्हणून १८५७ साली चुलत्यासह उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे दक्षिणेचा मोठा लाभ होईल, ही वार्ता त्याच्या कानावर आली होती. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही निव्वळ कामाची फिरती होती, आणि तीत लपविण्यासारखे काहीही नव्हते. परंतु वाटेत उत्तर हिंदुस्थान पेटले. यज्ञाऐवजी गोडसे भटजींच्या नशिबी झाशीचा वेढा आणि पाडाव आला, मिळालेली दक्षिणा लुटली गेली, प्राण अनेकदा धोक्यात सापडले. आणि तरीही या मनुष्याने, खिशात काही उरले नसता, काशीयात्रा केली, गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन तो कोकणात परतला आणि त्या पाण्याने त्याने आईवडिलांना स्नान घातले. पुढे त्याने ते सारे लिहून काढले, आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने ते प्रसिद्ध केले. ज्या कामासाठी तो गेला होता ते काम फसले. जे प्रसंगाने घडले ते मात्र टिकले, घरच्यांसाठीही आणि महाराष्ट्रासाठीही. शास्त्राच्या कोष्टकाप्रमाणे त्याला यात्रेचे अर्धेच फळ मिळाले असेल. पण त्या कोष्टकाचा कल शिक्षेकडे नसून औदार्याकडे आहे, हे अशा वेळी ध्यानात येते: जो तीर्थासाठी निघालाच नव्हता त्यालाही शास्त्र रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. हजच्या यात्रेत व्यापार करून निर्वाह साधण्यात कुराणाने दोष मानलेला नाही, त्याच्या मुळाशीही मनुष्याच्या संमिश्र गरजांविषयी हीच समजूत असावी.

याच दृष्टीने मी धोंडो केशव कर्वे यांच्या परदेशप्रवासाकडे पाहतो. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या या मनुष्याने हिंगण्याच्या आश्रमासाठी सुट्ट्यांमागून सुट्ट्या वर्गणीच्या फिरतीत घालविल्या, आणि पुढे, वयाची सत्तरी उलटल्यावर, १९२९ साली ते आपल्या महिला विद्यापीठाचे कार्य जगाला सांगण्यासाठी बोटीने निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान असा हा प्रवास झाला. जिनिव्हा येथे भरलेल्या शिक्षणविषयक परिषदेत त्यांनी भारतीय स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर भाषण केले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट झाली. परत येऊन वर्ष उलटण्याच्या आतच ते आफ्रिकेकडे निघाले आणि मोंबासा, युगांडा, टांगानिका, झांजीबारपासून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत सुमारे सव्वा वर्ष फिरले. गणिताच्या अध्यापकाला आइन्स्टाइनच्या भेटीत आनंद झाला नसेल असे कोण म्हणेल? आणि ज्या टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून १९१६ साली आपले विद्यापीठ काढण्याची उभारी त्यांना आली, ते विद्यापीठ चौदा वर्षांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहताना त्यांना काय वाटले असेल याची कल्पना वाचकच करोत. निष्काम कर्ममठाच्या या संस्थापकाने आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधून जगाची प्रदक्षिणा करावयास हवी होती काय? निष्कामतेचा असा अर्थ त्यांनी कधी केला नाही, आणि आपणही करू नये. याच विद्यापीठाच्या इतिहासात असेही घडले की, सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासाला गेले असता जपानमध्ये तेच टोकियोचे महिला विद्यापीठ त्यांच्या पाहण्यात आले, त्याचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला, आणि १९२० साली त्यांनी कर्वे यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव लाभले ते यामुळेच. केवळ पाहण्यासाठी केलेल्या प्रवासातूनही परार्थ निपजतो. पाहणे आणि देणे यांच्यामध्ये आपण कल्पितो तेवढी उंच भिंत नाही.

मग दोष कोठे आहे? दोष जमाखर्चात आहे, आणि या ठिकाणी सोळाव्या हिश्श्याची गोष्ट मला पुन्हा आठवते. जो दुसऱ्याच्या अर्थाने निघाला त्याने आपल्यासाठी सोळावा भाग समजावा. जुन्या चलनात हे रुपयातला एक आणा झाले. उरलेले पंधरा आणे ज्याच्या नावाने तो निघाला त्याचे. अहिल्याबाई होळकरांनी काशी, गया आणि देशभरच्या इतर क्षेत्रांत जी बांधकामे केली, जी अन्नछत्रे घातली, त्यांचा खर्च त्यांनी आपल्या खासगीतून केला. राज्याची दौलत आणि राणीची खासगी यांचे दफ्तर निराळे होते. दानाच्या बाबतीत याहून मोठा आदर्श मला माहीत नाही, कारण ज्या बाईच्या हाती संपूर्ण राज्याचा खजिना होता तिने धर्मकार्याच्या उदात्ततेचीही सबब न सांगता दोन वह्या वेगळ्या ठेवल्या.

पश्चिमेकडील देशांत आज धर्मादाय मोहिमांचा एक प्रकार रूढ झालेला आहे. इच्छुकाने किलिमांजारोच्या शिखरावर वा एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत जावयाचे, त्यासाठी ओळखीच्या लोकांकडून एखाद्या संस्थेच्या नावाने ठरावीक रक्कम गोळा करावयाची, आणि त्या रकमेतूनच त्याच्या विमानाचा, मुक्कामाचा आणि वाटाड्याचा खर्च भागवून उरलेले संस्थेला जमा करावयाचे. सर्व मोहिमा अशा नसतात. प्रवासखर्च स्वतः सोसणारेही पुष्कळ असतात. परंतु जेथे वर्गणीतून प्रवास घडतो तेथे परार्थाने निघालेला मनुष्य एका आण्याच्या जागी कित्येक आणे स्वतःकडे ठेवीत असतो, आणि ज्या वृद्ध मावशीने निवृत्तिवेतनातून रुग्णालयासाठी म्हणून पैसे दिले, तिच्या पैशाने प्रत्यक्षात भाच्याचे पर्वतारोहण होते. तिला हे सांगितले असेल आणि तिने आनंदाने दिले असेल, तर त्यात यत्किंचितही अधर्म नाही. भाच्याने जग पाहावे असे तिलाही वाटत असेल. सांगितले नसेल तर तेथे गीतेने वर्णिलेला राजसभावही उरत नाही. ती सरळ सरळ फसवणूक होते. लंडनसारख्या शर्यतींत संस्था ठरावीक जागा पैसे मोजून घेतात आणि विशिष्ट रक्कम जमविण्याची हमी देणाऱ्या धावपटूंना त्या देतात; म्हणजे धावणाऱ्याला मिळालेली जागा हीही संस्थेच्या पैशाची आहे, हे त्याने तरी विसरू नये.

फिरतीवरील अधिकाऱ्यालाही हाच न्याय लागू आहे, आणि तेथे प्रकरण अधिक साधे आहे. भत्ता ज्या दिवसांसाठी मंजूर झाला ते दिवस मालकाचे, मग तो मालक सरकार असो, कंपनी असो वा विश्वस्त संस्था असो. काम संपल्यानंतरची संध्याकाळ आणि रजेचा अर्ज देऊन, स्वखर्चाने जोडलेला दिवस त्याचा स्वतःचा. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार गणले आहेत. त्या चाळिसांचा मूळ विषय शेवटी हाच की, जे एका खात्यावर घडले ते दुसऱ्या खात्यावर दाखविले. संभाजीनगरला कचेरीच्या कामासाठी गेलेल्या मनुष्याने वेरूळचे कैलास लेणे न पाहता परतावे, यात मला कोणतीही कर्तव्यनिष्ठा दिसत नाही. एकाच खडकातून वरून खाली कोरून काढलेले ते मंदिर हाताच्या अंतरावर असता त्याकडे पाठ फिरविणे ही एक प्रकारची अश्रद्धाच आहे. पण जो तपासणीचे दोन दिवसांचे काम चार दिवसांचे दाखवून लेण्यांत हिंडतो, त्याचे ते दर्शन परक्याच्या पैशाने झालेले असते, आणि त्याला अर्धे फळ देण्यासही कोणता निबंधकार तयार होईल याची मला शंका आहे.

विश्वस्त संस्थांच्या कार्यकर्त्यांनी या बाबतीत सर्वांत अधिक जपले पाहिजे. निधी मिळविण्यासाठी परदेशी जाणे हे त्यांच्या कामाचे आज अपरिहार्य अंग झाले आहे. अमेरिकेतील वा आखातातील मराठी मंडळांत भाषण करणे, तेथील घरांत उतरणे, यजमानांनी हौसेने दाखविलेले धबधबे आणि संग्रहालये पाहणे, हे सारे क्रमप्राप्त आहे, आणि त्याबद्दल कोणी कुजबुज करू नये. यजमानाच्या आग्रहाला नकार देणे हा तर आपल्याकडे आतिथ्याचा अपमान ठरतो. तथापि अशा कार्यकर्त्याने परत आल्यावर संस्थेच्या वार्षिक अहवालात प्रवासाचा तिकिटासहित खर्च, जमलेली रक्कम आणि स्वतःसाठी घेतलेले दिवस हे तिन्ही वेगळे छापावेत. कमी जमले आणि खर्च अधिक झाला असेल तर तेही छापावे. त्याने संस्थेची प्रतिष्ठा कमी होते ही भीती मला निराधार वाटते. आपला पैसा कोठे गेला हे ज्याला विचारण्याआधीच सांगितले जाते, तो दाता पुढल्या वर्षी पुन्हा देतो.

तेव्हा पुढच्या जानेवारीसाठी ज्या वाचकांनी पळण्याचा सराव आरंभिला असेल, किंवा ज्यांच्याकडे अशा एखाद्या धावणाऱ्याची विनंती आली असेल, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. धावणाऱ्याने आपल्या आवाहनात, संस्थेच्या नावाच्या लगेच खाली, स्पष्ट लिहावे की नोंदणीचे शुल्क, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च मी स्वतः केला आहे. आणि तसे नसेल तर देणगीच्या रुपयातील किती आणे त्यासाठी जाणार आहेत. देणाऱ्याने, आवाहनात ते लिहिलेले नसेल तर, संकोच न करता विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे हाती ठेवावेत.